जुनेराचा दुसरा जन्म



दसऱ्याच्या आधीं घर झाडावयास काढलें म्हणजे बहुतेक घरांत एक प्रसंग हटकून घडतो. कपाटाच्या अगदीं तळाशीं असलेलें जुन्या कपड्यांचें गाठोडें बाहेर निघतें. त्यांतील एकेक कपडा उलगडून पाहिला जातो. 'हा अजून चांगला आहे,' असें कोणी तरी म्हणतें, आणि तें गाठोडें पुन्हां बांधून होतें त्याच जागीं जाऊन बसतें. घरांतलें कोणी अधिक निश्चयी असलें तर बोहारणीला हांक मारली जाते आणि चार साड्यांच्या बदल्यांत एखादें पातेलें घरांत येतें. टाकवत नाहीं आणि वापरवतही नाहीं, अशा मधल्या अवस्थेंत अडकलेल्या या वस्त्रांचें काय करावें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

अशा वस्त्राला आपल्या भाषेंत एक नेमका शब्द आहे : जुनेर. जुनेर म्हणजे चिंधी नव्हे. पुष्कळदां धुतल्यामुळें मऊ झालेलें, बाहेर मिरवण्याच्या उपयोगाचें न राहिलेलें, परंतु घरांतील कामाला खास योग्य असें तें वस्त्र. बाळंतिणीच्या खोलींत आणि आजाऱ्याच्या अंथरुणावर त्याला नव्या कापडापेक्षां अधिक मान असे. लुगडें विरलें कीं त्याला दंड घालीत; दंड घातलेलें लुगडेंही फाटलें कीं त्याचीं झबलीं आणि दुपटीं होत; त्यानंतर तें गोधडींत जाई; आणि अगदीं शेवटीं चुलीजवळचें फडकें होऊन संपे. एका वस्त्राचे असे चार-पांच जन्म एकाच घरांत होत असत.

हा विषय निवडण्याला माझ्या घरांतलेंच एक कारण आहे. माझ्या आईच्या मागें तिचीं दोन लुगडीं माझ्याकडे आलीं. एक रेशमी, जरीकांठी, तिच्या लग्नांतलें. दुसरें इरकली, नेहमींच्या वापरांतलें. रेशमी लुगडें मीं मलमलींत गुंडाळून पेटींत ठेवलें. त्याला कात्री लावावयाची नाहीं, असा माझा निश्चय होता. इरकली लुगडें मात्र माझी धाकटी जाऊ बाळंत झाली तेव्हां तिनें मागून नेलें. "ठेवून काय करणार, जाऊबाई? बाळाला याच्याइतकें मऊ दुसरें काय मिळणार?" असें ती म्हणाली. मीं दिलें, पण मनांतून मला तें रुचलें नव्हतें. बारा वर्षांनीं मुलीच्या लग्नाच्या वेळीं मीं रेशमी लुगडें पेटींतून काढलें, तों घडीच्या प्रत्येक रेषेवर तें चिरलेलें होतें आणि जर काळी पडली होती. बारा वर्षें त्याला कोणीही हात लावला नव्हता, आणि तेंच त्याला बाधलें. रेशीम वर्षानुवर्षें एकाच घडीवर दाबून राहिलें म्हणजे तेथेंच ठिसूळ होतें. दमट हवेनें जरींतील चांदी काळवंडते. वर्षांतून दोनदां घडी बदलून वारा दिला असता, तर तें पुष्कळ टिकलें असतें. ज्या लुगड्याचे तुकडे झाले म्हणून मला वाईट वाटलें होतें, त्याचें काय झालें तें मी शेवटीं सांगतें.

कापड कोठें झिजतें

जुन्या कपड्याकडे पाहतांना पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावी ती ही, कीं कापड सर्वत्र सारखें झिजत नाहीं. सदऱ्याची कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्या आधीं जातात, पाठ मात्र पुष्कळदां नव्यासारखी असते. चादर मधोमध विरते, तिच्या कडा शाबूत राहतात. लुगडें बसण्याच्या जागीं आणि पायांजवळ झिजतें. पदर आणि वरचा कांठ मागें उरतो. म्हणजे आपण 'कपडा गेला' असें म्हणतों, तेव्हां पुष्कळदां त्याचा चौथा हिस्सा गेलेला असतो आणि तीन हिस्से आपल्या हाताची वाट पाहत असतात.

तेव्हां कात्री हातांत घेण्यापूर्वीं कापडाची परीक्षा करावी. तें खिडकीसमोर उजेडांत धरावें. जेथें प्रकाश चाळणींतून आल्यासारखा दिसेल, तो भाग गेला असें समजावें. नंतर दोन्ही हातांचे अंगठे जवळजवळ ठेवून कापड प्रथम उभ्या धाग्यांच्या आणि मग आडव्या धाग्यांच्या दिशेनें हळूच ताणावें. कुरकुर आवाज आला किंवा धागे सरकले, तर त्या भागावर शिवण टिकणार नाहीं. रंगीत कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानें त्याचा कोपरा चोळून पाहावा. रंग उतरला, तर तें दुसऱ्या कापडाशीं जोडूं नये.

आजच्या काळांत आणखी एक परीक्षा करावी लागते. पूर्वीं घरांतलें कापड बहुधा सुती असे. आतां निम्म्याअधिक कपड्यांत कृत्रिम धाग्याची भेसळ असते आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं. शिवणीच्या आंतील भागांतून एकच धागा काढावा, चिमट्यांत धरून ताटलीवर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि राख भुरभुरीत असते. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कठीण मणी बनतो. ही परीक्षा करण्याचें कारण असें, कीं सूत धुतल्यावर आटतें, पॉलिएस्टर आटत नाहीं. दोन्हीं जोडून शिवलीं तर पहिल्याच धुण्यांत शिवणीला चुण्या पडतात. शिवाय सुतासाठीं तापविलेली इस्तरी पॉलिएस्टरला चिकटते.

चार टांके

या सर्व कामाला शिवणयंत्र असलेंच पाहिजे असें नाहीं. चार टांके येत असले म्हणजे पुरे. धावदोरा हा जोडण्याचा आणि थर एकत्र धरून ठेवण्याचा टांका आहे. तो लवकर होतो, पण ताण सहन करीत नाहीं. जेथें ताण येतो तेथें हातटीप घालावी. तींत सुई प्रत्येक वेळीं एक पाऊल मागें येऊन पुढें जाते, म्हणून एक टांका तुटला तरी शिवण उसवत नाहीं. कापडाची कापलेली कड आंत दुमडून बसविण्यासाठीं तुरपाई. आणि चौथें रफू.

रफू म्हणजे सुईनें विणणें. दोरा शक्य तर त्याच कपड्याच्या आंतील दुमडींतून काढावा, म्हणजे रंग आणि जाडी जुळते. काम भोंकाच्या कडेपासून सुरू करूं नये. अर्धा इंच अलीकडे, जेथें कापड धड आहे तेथून सुरू करावें. प्रथम सर्व उभे दोरे घालून घ्यावेत, मग त्यांतून एक सोडून एक अशा रीतीनें आडवे दोरे न्यावेत. वळतांना दोरा ताणूं नये, टोंकाला लहानसा सैल फांसा ठेवावा. नवा दोरा धुण्यांत आटतो तेव्हां तो फांसा कामाला येतो. तसें न केल्यास रफू केलेली जागा पुडीसारखी आवळून येते.

चादर, लुगडें, सदरा

आतां प्रत्यक्ष कामें सांगतें. मधोमध विरलेली चादर लांबीनें बरोबर मध्यावर कापावी आणि तिच्या बाहेरच्या दोन किनारी एकमेकींजवळ आणून जोडाव्यात. विरलेला भाग आतां दोन्ही बाजूंच्या कडांना जातो, तेथें अंगाचें ओझें पडत नाहीं. धड भाग मध्यें येतो. किनारीचे धागे सुटत नसल्यामुळें मधली शिवण सपाट बसते आणि पाठीला टोचत नाहीं. बाहेरच्या दोन कापलेल्या कडा विरलेला पट्टा काढून टाकून तुरपून घ्याव्यात. एका संध्याकाळचें हें काम आहे, आणि चादर आणखी दोन-तीन वर्षें चालते.

लुगड्याला दंड घालण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. विरलेला भाग आडवा कापून काढावयाचा आणि धड असलेलीं दोन टोंकें जोडावयाचीं. नऊ वारांतून तीन वार गेले तरी सहा वार उरतात, म्हणजे आईच्या नऊवारीची मुलीला सहावारी होते. जोड अशा ठिकाणीं आणावा कीं नेसतांना तो निऱ्यांत जाईल. मग तो कोणाच्या नजरेस पडत नाहीं.

सदऱ्याची कॉलर उलटविणें ही युक्ति एके काळीं प्रत्येक शिंप्याला माहीत होती. कॉलर वरच्या बाजूनें घासली जाते, खालची बाजू त्याच कापडाची आणि कोरी असते. कॉलर जेथें गळपट्टींत बसविलेली असते, ती एकच शिवण ब्लेडच्या टोंकानें उसवावी. कॉलरचा आणि पट्टीचा मध्य रंगीत दोऱ्यानें खुणावून घ्यावा, कॉलर पालथी करून खूण खुणेला लावावी, धावदोऱ्यानें तात्पुरती अडकवावी आणि जुन्या शिवणीच्या रेषेवरच टीप मारावी. टोंकाला बटणें लावण्याची किंवा खालच्या बाजूनें ताठ पट्टी सरकविण्याची सोय असलेली कॉलर मात्र उलटवूं नये. तिचीं काजीं आणि भोकें वर येतात.

कॉलर आणि बाह्या दोन्ही गेल्या असतील, तर सदऱ्याचा उशीचा अभ्रा करावा. बटणें लावून सदरा उलटा करावा, टेबलावर सपाट पसरावा, आणि बटणपट्टी मध्यावर येईल असा सतरा इंचांचा चौकोन खडूनें आंखावा. रेषेच्या आंत अर्धा इंच चारही बाजूंनीं टीप मारावी, रेषेवर कापावें, बटणें सोडून अभ्रा सुलटा करावा. काजें करण्याचें, म्हणजे या कामांतील सर्वांत कंटाळवाणें काम, आधींच झालेलें असतें.

पिशवी, चष्म्याचें घर, बटवा

महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हांपासून कापडी पिशवीला पुन्हां दिवस आले आहेत. जीनच्या विजारीचा पाय ही अर्धी शिवलेलीच पिशवी आहे. गुडघ्याखालचा सोळा इंचांचा तुकडा कापावा, उलटा करून तळाला हातटीपेच्या दोन रांगा घालाव्यात आणि तोंड एक इंच दुमडून शिवावें. बंदांसाठीं जुन्या चादरीच्या किनारीची चार इंच रुंद आणि चोवीस इंच लांब पट्टी चौपदरी दुमडून घ्यावी. बंद बसवितांना नुसती आडवी टीप मारूं नये; चौकोन शिवून त्यांत फुली मारावी, म्हणजे ओझें चारही टांक्यांच्या रांगांवर विभागलें जातें. यंत्रावर शिवावयाचें असेल तर सोळा नंबरची सुई लावावी. बारीक सुई जाड शिवणीवर मोडते आणि तिचा तुकडा डोळ्यांकडे उडूं शकतो.

नेकटाय कोणी आतां फारसे वापरीत नाहींत, पण त्याला आंतून अस्तर असतें आणि टोंक निमुळतें असतें, याचा फायदा घ्यावा. रुंद टोंकाकडून सोळा इंच कापावें. कापलेली कड आंत वळवून तुरपावी, तो भाग साडेसहा इंच वर दुमडावा आणि दोन्ही कडा बारीक टांक्यांनीं शिवाव्यात. उरलेलें निमुळतें टोंक झांकण म्हणून खालीं येतें. त्याला एक बटण लावलें कीं चष्म्याचें घर तयार. बटणांवरून आठवलें : कोणताही कपडा फडकें होण्यापूर्वीं त्याचीं बटणें, आंकडे आणि साखळ्या काढून एका बरणींत ठेवाव्यात. मोडलेल्या छत्रीचें कापडही तसेंच काढून ठेवावें; पाऊस न झिरपणारें तें कापड ओल्या टॉवेलाच्या पिशवीला उत्तम.

जरीच्या कांठाला अधिक जपावें लागतें. प्रथम हें पाहावें, कीं वस्त्र खरोखरच कापण्याच्या अवस्थेला आलें आहे काय. हातमागावरची जुनी पैठणी एकदोन ठिकाणीं फाटली असली तर तिला कात्री लावूं नये. जाणत्या कारागिराकडून रफू करून घ्यावा. जुन्या जरीच्या साड्या आंतील चांदीसाठीं वजनावर घेऊन जाळणारे व्यापारी असतात. त्यांच्या हातीं एक संपूर्ण वस्त्र देणें म्हणजे विणकराचे महिने भट्टींत घालणें होय. परंतु अंग चिरून गेलें असेल आणि कांठ तेवढा धड असेल, तर कांठाच्या खालीं मलमल धावदोऱ्यानें टांचून घ्यावी आणि त्यानंतरच कापावें. आधीं कापल्यास जरीचे धागे सुटतात. मलमलीचा आधार मिळाला म्हणजे तो कांठ नव्या साडीला लागतो किंवा त्याचा बटवा होतो. इस्तरी नेहमीं उलट बाजूनें आणि मध्यें फडकें घालून फिरवावी.

गोधडी

या सर्वांचा शेवट गोधडींत होतो, आणि ही कला एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकांतील सिद्दी स्त्रियांची कवंदी, या सर्व जुन्या वस्त्रांच्या थरांवर धावदोरा घालूनच होतात. जपानांतील शेतकऱ्यांच्या घरांतही फाटक्या कापडावर ठिगळें देऊन धावदोऱ्यांनीं तीं पक्कीं करण्याची रीत होती. इतक्या दूरदूरच्या स्त्रियांना एकच गोष्ट सुचली, याचें कारण साधें आहे. विरलेलें कापड एकटें ताण सहन करीत नाहीं. तीन-चार थर जवळजवळच्या टांक्यांनीं बांधले कीं ताण सर्वांत वांटला जातो. शिवाय थरांच्या मध्यें अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं.

गोधडीचे थर जमिनीवर पसरून सुरकुत्या काढाव्यात आणि एक वीत अंतरावर मोठ्या टांक्यांनीं सर्व थर तात्पुरते टांचावेत. ही पायरी गाळली तर अर्ध्यावर आल्यावर खालचा थर गोळा होतो आणि सर्व उसवावें लागतें. वरच्या आणि खालच्या थराला त्यांतल्या त्यांत धड कापड, आंत अधिक विरलेलें. तान्ह्या मुलासाठीं केवळ सुती कापड घ्यावें. पुष्कळदां धुतल्यामुळें त्यांतील खळ निघून गेलेली असते, म्हणून तें नव्या कापडापेक्षां बाळाच्या अंगाला मानवतें.

गरज होती तेव्हां, आणि आतां

कोणी म्हणेल, आज कापड स्वस्त आहे. हा खटाटोप कशासाठीं? हा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आलें आणि पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कुपनें मिळालीं. १९४३ मध्यें तेथील सरकारनें 'मेक डू अँड मेंड' नांवाची पुस्तिका काढून ठिगळें आणि रफू यांचे धडे घरोघर पोंचविले. हिंदुस्थानांतही त्याच वर्षीं सुती कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. तेव्हां जुनें जपणें ही सक्ति होती. आज अडचण उलट आहे : कापड इतकें आहे कीं तें कोठें ठेवावें हा प्रश्न पडतो.

जुनें कापड गिरणींत पुन्हां पिंजून त्याचें सूत काढतां येतें, हें खरें. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील बॅटली येथें बेंजामिन लॉ यानें १८१३ च्या सुमारास लोकरी चिंध्यांपासून असें कापड तयार केलें, असें मानतात; आज हरियाणांतील पानिपत हें या धंद्याचें मोठें केंद्र आहे. परंतु पिंजतांना तंतु तुटून आंखूड होतात, म्हणून तें सूत मूळच्यापेक्षां दुबळें असतें. आणि मिश्र धाग्यांतून सूत व पॉलिएस्टर वेगळें करणें फार कठीण पडतें. तेव्हां जें कापड कापड म्हणूनच आणखी दहा वर्षें चालेल, तें आधीं चालवावें आणि मगच गिरणीकडे पाठवावें, हा हिशोब सरळ आहे.

मात्र सर्वच जुनें घरांत सांठवावें असा माझा सल्ला नाहीं. गाठोडें सोडलें कीं तीन ढीग करावेत : दुरुस्त करून घरांत वापरावयाचें, दुसऱ्याला द्यावयाचें, आणि फडक्याचें. दुसऱ्या ढिगांतील कपडा धुऊन, बटण लावून, उसवलेली शिवण घालूनच द्यावा. जो कपडा आपण स्वतः अंगावर घालणार नाहीं, तो देणें हें दान नव्हे. बोहारणीशीं घासाघीस करतांनाही हें लक्षांत असावें, कीं तिनें नेलेली साडी धुऊन, सांधून पुढें विकावयाची असते. आपण टाळलेलें काम ती करीत असते.

आतां त्या दोन लुगड्यांविषयीं. रेशमी लुगड्याच्या कांठांतून शोधून शोधून तीन हात धड तुकडा निघाला. त्याचे मलमलीचें अस्तर लावून तीन बटवे केले. एक मुलीला, एक सुनेला दिला आणि एक माझ्याजवळ आहे. इरकली लुगड्याचीं दुपटीं तीन मुलांनीं वापरलीं, मग तीं माझ्या जावेनें एका गोधडींत घातलीं. ती गोधडी मुलगी सासरीं जातांना घेऊन गेली. दरवर्षीं धुतां धुतां तिच्या कडेचा धावदोरा सुटतो, आणि मुलगी माहेरीं आली म्हणजे आम्ही दोघी बसून तो पुन्हां घालतों. मध्यें एका जागीं माझ्या आईच्या पदराची लाल पट्टी अजून ओळखूं येते.

येत्या रविवारीं आपलें गाठोडें सोडून पाहा. सर्व काढूं नका. एकच कपडा निवडा, उजेडांत धरा, आणि त्याचा कोणता भाग अजून धड आहे तें पाहा.